एकाच ओळीत नाव आणि रक्कम

सकाळी 9
वलगावच्या स्टँडजवळचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान उघडतो. कॉम्प्युटर सुरू झाला की आधी कागदाचा आकार पाहतो. प्रोग्राममध्ये बरेचदा ‘लेटर’ धरलेला असतो आणि ट्रेमध्ये असतो ए-फोर. लेटरची रुंदी 216 मिलिमीटर, ए-फोरची 210. तेवढ्या फरकानेही कडेचा रकाना कापला जाऊ शकतो, आणि एकूण रक्कम त्याच रकान्यात असते.

सकाळी 10.30
शेजारच्या गावचे ग्रामपंचायत अधिकारी नमुना 8 घेऊन येतात. ही कर आकारणीची नोंदवही. मालक, भोगवटादार, क्षेत्रफळ, भांडवली मूल्य, घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर असे रकानेच रकाने. तसाच पीडीएफ काढला तर नावं एका पानावर आणि कर भलत्याच पानावर. म्हणून पान आडवं करतो, सगळे रकाने एका पानाच्या रुंदीत बसवतो, उंची मोकळी सोडतो. उंचीही एका पानात कोंबली की अक्षर मुंगीएवढं होतं. तरीही बारीक वाटलं तर सरळ ए-थ्री.

दुपारी 12
एक आजी जुनी प्रत घेऊन येतात. “बाबू, माह्या घराचे कोनते पैसे बाकी हायेत, थे दाखवजो मले.” नाव सापडतं, पुढे चार आकडेही आहेत, पण मथळा राहिला पहिल्या पानावर. कोणता आकडा पाण्याचा, कोणता घराचा, कसं कळावं? मूळ फाईल उघडून मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल अशी लावतो आणि आजींना नवं पान काढून देतो.

दुपारी 2.30
कृतिदेवमधली फाईल येते. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासतो. पीडीएफ काढताना फॉन्ट आतच जोडला गेला ना, हे पाहतो.

दुपारी 4
संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचा फोटोंसह अहवाल. बाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच, पेढी नदीकाठी देह ठेवला. त्यांच्या नावाचं काम गबाळं जाऊ नये. एका पानावर दोन फोटो, प्रत्येकाखाली त्याचीच ओळ. फोटो 150 डीपीआयवर आणले की फाईल मोबाईलवर सहज जाते.

संध्याकाळी 6
फायलीसाठी समास. उभ्या पानाला डावीकडे 25 मिलिमीटर, आडव्या पानाला मात्र वरून. कारण फायलीत लावताना ते फिरतं आणि वरची कड शिवणीकडे जाते. तळाशी ‘12 पैकी 3’ असा पानक्रमांक, म्हणजे एखादं पान गहाळ झालं तर लगेच कळतं.

रात्री 7.30
पाठवण्याआधी प्रत्येक पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत पाहतो. फक्त सह्या शेवटच्या पानावर एकट्या पडल्या असतील तर त्यांच्यासोबत हिशेबाच्या दोन ओळी ओढून घेतो. सही कशावर आहे, हे त्याच पानावर दिसलं पाहिजे. कर भरणाऱ्याला आपला हिशेब कुणाला न विचारता वाचता यावा, हा त्याचा हक्क आहे. पान नीट लावणं हा त्यातला माझा वाटा.