जालन्यातून अवकाशावर 'कान'! उपग्रहांवर देखरेख ठेवणारे केंद्र नेमके करते काय?

जालना : स्टीलच्या सळया आणि बियाणे यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्याची आणखी एक ओळख आहे. ती जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही. केंद्रीय दूरसंचार विभागाचे 'इंटरनॅशनल सॅटेलाइट मॉनिटरिंग अर्थ स्टेशन' जालन्यात आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचा हा भाग आहे. या संस्थेची देशभरातील इतर केंद्रे प्रामुख्याने जमिनीवरच्या रेडिओ लहरी ऐकतात. जालन्याच्या केंद्राचे काम मात्र वरून, उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी ऐकण्याचे आहे.

'उपग्रह केंद्र' म्हटले की डोळ्यांसमोर इस्रो आणि धूर सोडत जाणारे रॉकेट येते. इथून काहीही उडत नाही. भारताच्या भूस्थिर उपग्रहांना आज्ञाही इथून दिल्या जात नाहीत. ते काम कर्नाटकातील हासन आणि भोपाळ येथील इस्रोच्या नियंत्रण केंद्रांतून चालते. जालन्याची भूमिका वाहतूक पोलिसासारखी आहे. कोणता उपग्रह कुठे उभा आहे, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बोलतो आहे का आणि दुसऱ्याच्या बोलण्यात कोणी आवाज मिसळतो आहे का, हे पाहायचे.

आकाशातही जागेची टंचाई?

विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात एक कल्पना मांडली होती. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरेल आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा दिसेल. असे तीन उपग्रह ठेवले तर जवळपास सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल. तेव्हा एकही उपग्रह अवकाशात गेलेला नव्हता. १९६४ मध्ये 'सिन्कॉम-३' तिथे पोहोचला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकची दृश्ये त्याच्यामार्फत प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत गेली.

या कक्षेचा परीघ सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर आहे. म्हणजे एका अंशात साधारण ७३६ किलोमीटर जागा. उपग्रह एकमेकांवर आदळतील अशी भीती फारशी नाही. अडचण वेगळीच आहे. गच्चीवरची साठ सेंटिमीटरची डीटीएच ताटली एका बिंदूकडे पाहत नाही. तिच्या दृष्टीच्या टप्प्यात आकाशाचा साधारण तीन अंशांचा पट्टा येतो. त्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलणारे दोन उपग्रह आले, तर घरातल्या टीव्हीवर दोघांचाही चिवडा होईल. म्हणून कोणी कोणत्या अंशावर आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे, याची नोंदवही जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठेवतो. १९७६ मध्ये विषुववृत्तावरील आठ देशांनी बोगोटा येथे एकत्र येऊन 'आमच्या डोक्यावरची कक्षा आमच्या मालकीची' असा दावाही केला होता. तो जगाने मान्य केला नाही, पण कक्षेतल्या जागेचे मोल त्यातून कळते.

जालन्याचे रेखांश साधारण ७५.९ अंश पूर्व. भारताच्या महत्त्वाच्या भूस्थिर जागा आहेत ४८, ५५, ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्व. म्हणजे जालन्यातून पाहिले तर त्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आहेत. ७४ अंशांची जागा तर जवळपास समोरच, दक्षिणेपासून जेमतेम पाच-सहा अंश पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच. २००२ मध्ये सोडलेला आणि पुढे कल्पना चावला यांचे नाव मिळालेला 'कल्पना-१', तसेच २०१६ मधील हवामान उपग्रह 'इन्सॅट-३डीआर' याच जागी ठेवण्यात आले. घरी डीडी फ्री डिश असेल तर जालनेकरांनी ताटलीची दिशा पाहावी. ती ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाकडे, म्हणजे आग्नेयेला वळलेली दिसेल.

गणिताने पाहिले तर या अक्षांशावरून भूस्थिर कक्षेचा जवळपास १५० अंशांचा पट्टा वापरता येण्याइतक्या उंचीवर दिसतो. आफ्रिकेवरचे उपग्रह त्यात येतात आणि ऑस्ट्रेलियाच्या माथ्यावरचेही.

आवाज कोणाचा, शोधायचे कसे?

ही देखरेख किती गरजेची, हे अमेरिकेला २७ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्री कळले. 'एचबीओ' वाहिनीवर चित्रपट सुरू असताना तो अचानक गायब झाला आणि पडद्यावर रंगीत पट्ट्यांसह 'कॅप्टन मिडनाइट' या नावाने संदेश झळकला. तक्रार होती महिन्याला १२.९५ डॉलर शुल्काची. सुमारे साडेचार मिनिटे हा प्रकार चालला. फ्लोरिडातील एका भूकेंद्रावर नोकरी करणारा जॉन मॅकडॉगल याने तिथली मोठी डिश एचबीओच्या उपग्रहाकडे वळवून जास्त ताकदीचा सिग्नल सोडला होता. त्याचा स्वतःचा डिश विक्रीचा धंदा होता आणि वाहिन्यांनी सिग्नल कुलूपबंद केल्यामुळे तो बसला होता. उपग्रह बिचारा आरसाच. ज्याचा सिग्नल जोरदार, तोच तो खाली परत पाठवतो.

मॅकडॉगल सापडला तो पडद्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून आणि त्याचे फोनवरचे बोलणे कोणीतरी ऐकल्यामुळे. ५,००० डॉलर दंड झाला. आकाशातून त्याचा माग काढता आला नव्हता.

आज तो काढता येतो. जमिनीवरची डिश कितीही नेमकी असली तरी तिची थोडी ऊर्जा शेजारच्या उपग्रहाकडे सांडतेच. देखरेख केंद्र दोन्ही उपग्रहांकडून आलेला तोच सिग्नल पकडते. दोन वाटांनी येताना लागलेल्या वेळेत सूक्ष्म फरक असतो. त्या फरकावरून पृथ्वीच्या नकाशावर एक रेषा काढता येते. उपग्रहही अगदी स्थिर नसतात, किंचित हलत राहतात. रेल्वे जवळ येताना आणि दूर जाताना शिट्टीचा सूर बदलतो, तसा या हालचालीमुळे फ्रिक्वेन्सीत फरक पडतो. त्यातून दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे आसपास गुन्हेगार!

हे उत्तर काही किलोमीटरच्या फरकाने चुकू शकते. त्यामुळे पुढचा शोध दिशादर्शक अँटेना लावलेल्या गाडीतूनच घ्यावा लागतो. आणि बहुतेक वेळा सापडतो तो गुन्हेगार नसतोच. डिश थोडी तिरकी बसवलेली असते, केबलमधून सिग्नल गळत असतो किंवा थेट प्रक्षेपणाच्या घाईत उभ्या केलेल्या ओबी व्हॅनचा कोन चुकलेला असतो.

कधी बिघाड वरच असतो. एप्रिल २०१० मध्ये 'गॅलेक्सी-१५' हा उपग्रह आज्ञा ऐकेनासा झाला, पण त्याचे प्रक्षेपण सुरूच राहिले. तो शेजाऱ्यांच्या जागांमधून सरकत गेला, म्हणून 'झोंबी सॅट' हे नाव पडले. डिसेंबरमध्ये बॅटरी संपून यंत्रणा नव्याने सुरू झाली, तेव्हा तो ताब्यात आला. तोवर इतर उपग्रहचालकांना वाट करून द्यावी लागली.

आता सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर हजारो छोटे उपग्रह फिरत आहेत. भूस्थिर उपग्रहासाठी डिश एकदा वळवली की तो तिथेच सापडतो. हे नवे उपग्रह मात्र काही मिनिटांत एका क्षितिजावरून दुसऱ्या क्षितिजाआड जातात. ते ऐकायचे तर अँटेनालाही त्यांच्या मागे धावावे लागते.