अमेरिका एका खेपेत?

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को, सुमारे २,९०० मैल, तीन आठवड्यांत बसवले. बाबांच्या लक्षात राहिली ती गाडीची मागची सीट!

दुसऱ्या खेपेला नकाशाआधी कॅलेंडर उघडले. जुलैत डेथ व्हॅलीत पारा ११५ अंश फॅरनहाइटच्या वर जातो. ग्लेशियर पार्कचा घाटरस्ता मात्र बहुधा त्याच सुमारास बर्फातून पुरता मोकळा होतो. म्हणजे ऋतू ठरला की प्रदेश ठरतो. आम्ही ऑक्टोबरात फक्त ॲरिझोना-युटा निवडले. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे ७,००० फुटांवर, म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी बाबा कड्याशी तासभर नुसते बसून राहिले.

पुन्हा येणे त्यांना जमले नाही. म्हणून सांगतो, मंडळी, प्रदेश एकच घ्या. पण निवांत दाखवा.