कंट्रोलर कनेक्ट झाला, पण तो कोणाचा?

गेल्या हंगामात माझ्या पायलट अभ्यासातल्या नऊ जोड्यांचा डेटा मी स्वतःच्या हाताने बाजूला काढून ठेवला. हार्डडिस्क गेली नव्हती, बॅटरी संपली नव्हती आणि कंट्रोलरही दर वेळी बिनतक्रार कनेक्ट होत होते. चूक एवढीच होती की कनेक्ट झालेला कंट्रोलर कोणाच्या हातात आहे, हे माझ्या प्रोग्रॅमला माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही त्याला माहीत नव्हतं.

ज्यांना पुढे प्रयोगासाठी गेम कंट्रोलर वापरायचा आहे (आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा असे बरेच जण निघतात, कारण इतक्या कमी पैशात इतकं चांगलं बटण आणि काडी दुसरीकडे मिळत नाही), त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून ठेवते.

आधी प्रयोग काय होता ते. मी तेलगावची. बीड–परळी रस्त्यावरचं गाव, साखर कारखान्याचं. हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेने उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या लागतात, मोकळ्या रानात तोडणी कामगारांच्या कोपी उभ्या राहतात. इथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण तोडतो, दुसरं पाचट काढून मोळी बांधतं, आणि दिवसभर दोघांचे हात एकमेकांना न सांगता जुळलेले असतात. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या दोन माणसांची वेळ कशी जुळते, हा माझा विषय. स्क्रीनवर एक ठिपका फिरतो, तो रेषेवर आला की दोघांनी आपापलं बटण एकाच वेळी दाबायचं, बोलायचं नाही. कोण आधी दाबतं आणि किती मिलिसेकंदांनी, एवढंच मोजायचं.

कोपीत वीज नसते. लॅपटॉप उघडून बसलं की माणसं सावरून बसतात, परीक्षा असल्यासारखी. म्हणून हातात मावणारा लिनक्स कॉम्प्युटर घेतला. २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक बाजारात आणल्यापासून या प्रकारची यंत्रं लोकांना माहीत झाली. त्यातली सिस्टिम आर्च लिनक्सवर उभी आहे, म्हणजे गेमचं आवरण बाजूला केलं की आत नेहमीचा लिनक्स डेस्कटॉप मिळतो. युएसबीचं तोंड मात्र एकच, आणि ते पॉवर बँकेला दिलेलं. त्यामुळे दोन्ही कंट्रोलर वायरलेस हवे होते.

जाता जाता: हातातला लिनक्स आपल्याला नवा नाही. बंगळुरूमध्ये तयार झालेला सिम्प्युटर २००४ मध्ये विक्रीला आला, तोही लिनक्सवरच चालायचा. एकच यंत्र अनेकांनी वापरायचं म्हणून त्यात स्मार्ट कार्डची सोय होती, म्हणजे यंत्र सामायिक, पण ओळख प्रत्येकाची स्वतःची. हे वाक्य लक्षात ठेवा. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं.

आता जोडणी. ‘कंट्रोलर कनेक्ट होत नाही’ या तक्रारीला काही अर्थ नसतो, कारण मध्ये चार-पाच टप्पे आहेत. रेडिओ एकमेकांना ऐकू येतात का. ओळख झाली का. त्या ओळखीवर आजचं कनेक्शन उघडलं का. कर्नलमधल्या ड्रायव्हरला कंट्रोलरची भाषा कळते का. आणि शेवटी तुमचा प्रोग्रॅम योग्य फाइल वाचतोय का. टर्मिनलवर बसलात की ब्लूटूथच्या आज्ञा हे टप्पे वेगवेगळे दाखवतात. म्हणूनच मी पहिल्यांदा चित्रांच्या मेन्यूतून न जोडता टर्मिनलमधून जोडायला सांगते. स्कॅन करा, कंट्रोलरचा पत्ता दिसेल, मग त्या पत्त्यावर पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट.

या तीन शब्दांत सगळे घोळ होतात. पेअर म्हणजे मुकादमाच्या वहीत नाव चढणं: दोघांनी गुप्त किल्ली वाटून घेतली, ती जपून ठेवली. कनेक्ट म्हणजे आज फडावर हजर होणं. आणि ट्रस्ट म्हणजे उद्या सकाळी तुम्ही आपणहून आलात तर ‘कोण रे तू?’ असं कोणी विचारणार नाही. झोपेतून उठलेला कंट्रोलर स्वतःच यंत्राला हाक मारतो. ट्रस्ट केलेलं नसेल तर लिनक्सची ब्लूटूथ यंत्रणा परवानगी विचारते, आणि उत्तर द्यायला समोर कोणी नसेल तर नकार देते. ‘काल चालत होता, आज दिवा लुकलुकतो आणि विझतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

कंट्रोलरला पेअरिंगला लावायची रीत प्रत्येकाची निराळी. प्लेस्टेशन चारच्या कंट्रोलरवर शेअर आणि पीएस बटण एकत्र दाबून धरायचं, पाचच्या कंट्रोलरवर क्रिएट आणि पीएस; दिवा भराभर लुकलुकेपर्यंत सोडायचं नाही. एक्सबॉक्सवाल्याला वरच्या कडेला छोटं वेगळं बटण आहे, पण एक्सबॉक्स वनच्या अगदी पहिल्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथच नव्हतं, त्यामुळे जुना घेताना बघून घ्या. प्लेस्टेशन तीनचा कंट्रोलर आणखी वेगळा. तो आधी केबलने जोडावा लागतो, तेव्हा यंत्र आपला पत्ता त्याच्यात लिहितं. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथ कीबोर्डच्या मिषाने घुसखोरी करता येते अशी त्रुटी उघड झाली, आणि त्यानंतर लिनक्सने पक्की ओळख नसलेल्या उपकरणांना दार बंद केलं. त्यात हे बिचारे जुने कंट्रोलरही बाहेर राहिले. सेटिंग बदलून ते आत घेता येतात, पण मग घुसखोरीची फटही उघडी राहते. मी संशोधनाच्या यंत्रावर असं करणार नाही.

एक घरगुती धोका. बरेच कंट्रोलर एकाच यजमानाला लक्षात ठेवतात. माझ्या भाच्याने एका रविवारी माझा कंट्रोलर टीव्हीला जोडून गेम खेळला. सोमवारी कोपीत जाऊन बसले तर कंट्रोलर डेस्कटॉपला ओळखच देईना, आणि डेस्कटॉपच्या यादीत मात्र तो ‘पेअर्ड’ दिसत होता. अशा वेळी यादीतून काढून टाकून पुन्हा पहिल्यापासून पेअर करणं हाच उपाय. यंत्राकडची किल्ली जुनी झालेली असते.

ड्रायव्हरचा भाग आता सोपा झालाय. प्लेस्टेशन पाचच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१२ मध्ये आला, निन्टेन्डो स्विचचा ५.१६ मध्ये. कर्नल त्याहून नवा असेल तर वेगळं काही बसवावं लागत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. कंट्रोलर जोडला गेला की कर्नल इनपुटच्या फोल्डरात त्याच्यासाठी फाइल तयार करतो: इव्हेंट ७, इव्हेंट ८ अशी. जुन्या पद्धतीची जेएस ०, जेएस १ हीही असतात. आणि एका कंट्रोलरच्या एकाहून जास्त फाइल्स होऊ शकतात. प्लेस्टेशनचा कंट्रोलर तीन उपकरणं म्हणून दिसतो: बटणं-काड्या, हालचालीचा सेन्सर आणि टचपॅड. त्यात हातातल्या यंत्राची स्वतःची बटणं वेगळी. वर स्टीम चालू असेल तर ते प्रत्येक खऱ्या कंट्रोलरमागे एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं, म्हणजे एकच बटण तुमच्या नोंदीत दोनदा येऊ शकतं. प्रयोगाच्या वेळी स्टीम पूर्ण बंद ठेवा.

या फाइल्सना नंबर कसा मिळतो? जो आधी आला त्याला पहिला मोकळा नंबर. बस्स. त्या नंबराचा कंट्रोलरच्या अंगाशी काही संबंध नाही.

माझा प्रोग्रॅम म्हणायचा: कंट्रोलर शून्य म्हणजे नवरा, कंट्रोलर एक म्हणजे बायको. सुरुवातीला मी दोन्ही त्याच क्रमाने चालू करून हातात द्यायचे, म्हणून पहिला अर्धा भाग बरोबर यायचा. मग मध्ये चहा. चहाला वीस मिनिटं जायची, कंट्रोलर झोपायचे (कोणता किती वेळाने झोपतो ते त्या-त्या मॉडेलवर आणि सेटिंगवर अवलंबून). परत बसलं की ज्याने आधी बटण दाबलं त्याचा कंट्रोलर शून्य. दोन्ही एकाच मॉडेलचे, त्यामुळे नावही एकच, नावावरूनही कळायला मार्ग नाही. प्रोग्रॅमने कसलाही एरर न देता उरलेला अर्धा भाग उलट्या नावांनी लिहून ठेवला. सगळ्याच जोड्यांत नाही, काही जोड्यांत.

आणि आता लाजेची गोष्ट. आकडे बघून मला आनंद झाला होता! विश्रांतीआधी नवरा पुढे, नंतर काही जोड्यांत बायको पुढे; म्हणजे थकव्यानंतर पुढाकार बदलतो की काय? मी गाईड मॅडमना रात्री फोन करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘बदल हळूहळू होतोय की एकदम?’ ग्राफ काढला. एकदम. चहाच्या आधीच्या शेवटच्या प्रयत्नात एक, चहानंतरच्या पहिल्याच प्रयत्नात दुसरं. माणसाचे हात असे बदलत नाहीत, फाइलचे नंबर बदलतात.

मग वही उघडली. एका पानावर मीच लिहून ठेवलं होतं, की एक मावशी म्हणाल्या, ‘ताई, मव्हं दाबलं की त्येंचं हालतंय.’ स्क्रीनवर कोणाचं बटण लागलं ते दाखवायला दोन बाजूंना दोन दिवे होते, आणि त्यांचं बटण दाबलं की नवऱ्याच्या बाजूचा दिवा लागत होता. त्यांनी मला बग सांगितला होता, मी तो ‘गोंधळल्या’ या शेऱ्याखाली नोंदवला होता. तो शेरा मला अजून खुपतो.

उलटे झालेले भाग पलटवून घेता आले नसते का? काही जोड्यांत नक्की कुठे पलटलं ते दिसत होतं, काहींत नाही. जिथे दोघांचा फरक मुळातच थोडा, तिथे मी माझ्या अपेक्षेप्रमाणे पलटवलं असतं. मॅडम म्हणाल्या, अंदाजाने दुरुस्त केलेला डेटा म्हणजे तूच बनवलेला डेटा. म्हणून चहानंतर कंट्रोलर पुन्हा जोडले गेले अशा नऊच्या नऊ जोड्या बाहेर. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांनी रात्री जेवणाआधी मला दिलेला तो वेळ होता.

दुरुस्ती सोपी आहे, म्हणूनच जास्त लागते. प्रत्येक ब्लूटूथ कंट्रोलरला स्वतःचा कायमचा पत्ता असतो, आणि कर्नल तो इनपुट उपकरणांच्या यादीत ‘युनिक’ या रकान्यात देतो. पायथनच्या इव्हडेव्ह लायब्ररीत तो एका ओळीत वाचता येतो. आता माझा प्रोग्रॅम नंबर बघतच नाही. तो पत्ता बघतो, त्या पत्त्याच्या तीन फाइल्सपैकी बटणांची फाइल उघडतो आणि प्रत्येक नोंदीसोबत पूर्ण पत्ता लिहितो. कनेक्शन तुटलं तर तुटल्याची वेळ नोंदवतो, आणि तोच पत्ता परत आल्याशिवाय पुढे जात नाही. युएसबीवाल्यांसाठी तयार कायमची नावं वेगळ्या फोल्डरात मिळतात, ब्लूटूथच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका. कंट्रोलरवर तांबडी आणि निळी चिकटपट्टी लावली आहे, आणि दर भागाआधी प्रोग्रॅम विचारतो: तांबडं दाबा, निळं दाबा. तेवढ्याने पाच सेकंद जातात.

वेळेबद्दल दोन गोष्टी राहिल्या. इव्हेंटवर जी वेळ लिहिलेली येते ती बोट दाबल्याची नसते, कर्नलला खबर पोहोचल्याची असते. मधला उशीर बदलता असतो: लो एनर्जी ब्लूटूथच्या मानकात २०२५ पर्यंत दोन भेटींमधलं अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद होतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात तुमच्या फोनचं हॉटस्पॉटही बोलत असतं. हॉटस्पॉट बंद ठेवा. तो चालू असेल तर दुसराही घोळ होतो: इंटरनेट मिळताच यंत्राचं घड्याळ स्वतःला दुरुस्त करतं आणि तुमच्या नोंदींत वेळ मागे-पुढे उडी मारते. इव्हेंटची वेळ मोनोटॉनिक घड्याळावर घ्यायला कर्नलला सांगता येतं. ते कधी मागे जात नाही.

उशीर मोजायला महागडं यंत्र नको. मला दोघांमधला फरकच हवा होता, म्हणून दोन्ही कंट्रोलर शेजारी ठेवून एकाच लाकडी पट्टीने दोन्हींची बटणं शंभर वेळा दाबली, मग जागा बदलून पुन्हा शंभर. पट्टी तिरकी पडली तर तो दोष जागेबरोबर राहतो, रेडिओचा दोष कंट्रोलरबरोबर जातो, म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. स्क्रीनसकट पूर्ण उशीर हवा असेल तर फोनवर २४० फ्रेमचं व्हिडिओ घ्या. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. आणि दोघांना दोन वेगळ्या मॉडेलचे कंट्रोलर चुकूनही देऊ नका.

आता चहानंतर मी मुद्दामच कंट्रोलरची अदलाबदल करते, म्हणजे एखाद्यात उरलेला उशीर दोघांत वाटला जातो. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत घरच्यांवर तालीम चालू आहे. आई निळं घेते, बाबा तांबडं, आणि आई दर वेळी आधी दाबते. पत्ता तपासला, नोंद बरोबर आहे.