गदेसारखी समुद्र-पिचकारी

शेतांत न पेरलेलें तण कोठून येतें, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलेलें गाजरगवत पुढें देशभर कसें पसरलें, हें सर्वांस ठाऊकच आहे. समुद्रांत शेती करणारांसहि असेंच एक तण छळीत असतें. मात्र तें वनस्पति नसून प्राणी आहे.

स्टायेला क्लाव्हा हें त्याचें शास्त्रीय नांव. हर्डमन या शास्त्रज्ञानें तें १८८१ सालीं दिलें. क्लाव्हा म्हणजे गदा. खालीं बारीक देंठ व वर फुगीर, सुरकुतलेलें, चामड्यासारखें अंग, असा याचा आकार असतो. लांबी फार झाली तर वीतभर. अंगावर दोन तोंडें असतात. एकांतून पाणी आंत ओढून त्यांतील सूक्ष्म अन्न गाळून घ्यावयाचें व दुसऱ्यांतून पाणी सोडावयाचें, हाच जन्माचा उद्योग. दाबल्यास चूळ उडते, म्हणून या वर्गास समुद्र-पिचकारी म्हणण्यास हरकत नाहीं. कापूस पिकविणारांस एक गोष्ट नवलाची वाटेल. कापसाचा तंतु ज्या सेल्युलोजचा बनतो, तोच पदार्थ या वर्गाच्या आवरणांत असतो. तो स्वतः तयार करणारा दुसरा प्राणिवर्ग आढळलेला नाहीं.

हिचें मूळ स्थान जपान, कोरिया व उत्तर चीन यांकडील किनारे. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं बेडकाच्या पिल्लाप्रमाणें शेपटीनें पोहतें. पण एकदोन दिवसांतच तें कोठें तरी चिकटतें, शेपटी जिरून जाते, आणि मग जागा सोडणें नाहीं. तेव्हां महासागर ओलांडणें तिच्या आवांक्याबाहेरचें. तें काम जहाजांनीं केलें. १९५३ सालीं इंग्लंडांत प्लिमथ येथें ती सांपडली. कोरियाच्या युद्धांतून परतलेल्या लढाऊ जहाजांच्या बुडास चिकटून ती आली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. आतां ती युरोपांत, उत्तर अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर, ऑस्ट्रेलियांत व न्यूझीलंडांतहि आहे.

मोठी हानि झाली ती कॅनडांतील प्रिन्स एडवर्ड बेटावर. तेथें आपल्या कोंकणांतील शिनाण्यांसारखे निळे शिंपले जाळीच्या लांब पिशव्यांत भरून, पाण्यांत ताणलेल्या दोरांस टांगून वाढवितात. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ही गदा तेथें पोंचली. शिंपल्यांच्या तोंडचें अन्न हीच खाते, जागा हीच अडविते, आणि पिशव्या इतक्या जड करिते कीं, शिंपले गळून तळाशीं जातात. चुन्याचें पाणी व शिरक्यांतील आम्ल हे उपाय लोकांनीं योजिले. त्यांत खर्च वाढला, तो उत्पादकाच्याच माथीं. पुढें सायोना नांवाची दुसरी मऊ अंगाची पिचकारी कांहीं खाड्यांत शिरली व तिनें या पहिलीस मागें सारलें. म्हणजे एक तण जाऊन दुसरें आलें!

धोक्यांतील जातींच्या आंतरराष्ट्रीय तांबड्या यादीसाठीं हिचें मूल्यमापन झालेलें नाहीं. आमच्या मतें त्याची निकडहि नाहीं. नियम आहेत ते हिला अडविण्याचे. बाधलेल्या खाडींतील शिंपले दुसरीकडे नेण्यास त्या बेटावर परवाना लागतो. कोरियांत मात्र हिला मिदोदोक म्हणतात, रश्शांत घालून आवडीनें खातात आणि मुद्दाम दोरांवर वाढवितात.