नैरोबीहून परतताना लागणारा दाखला

परदेशी निघालेल्याने एखादी लस घ्यावी की नाही, हे ठरवताना रोगाचा धोका एका पारड्यात आणि लशीचा खर्च व दुष्परिणाम दुसऱ्या पारड्यात टाकले जातात. पीतज्वराचा हिशेब मात्र प्रवाशापाशी संपत नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात डासांमार्फत पसरणारा हा विषाणुजन्य ताप यकृताला ग्रासून कावीळ व रक्तस्राव घडवतो, आणि लस न घेता पश्चिम आफ्रिकेत दोन आठवडे राहणाऱ्यांपैकी लाखात सुमारे ५० जणांना तो होऊन १० दगावतील, असा अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. माक्स थायलर यांना १९५१चे नोबेल मिळवून देणारी १७डी ही लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची असल्याने एकाच मात्रेत बहुतेकांना आयुष्यभर पुरते. तोच विषाणू क्वचित शरीरात अनावर वाढून अवयव निकामी करतो. याचे प्रमाण लाखात एकाहून कमी असले, तरी साठीनंतर ते त्यापुढे जाते आणि अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे वाचत नाहीत.

घाना वा नायजेरियाला निघालेल्या तरुणाने लस घ्यावी, यात वाद नाही. नैरोबीतल्या मुलाकडे निघालेल्या पुण्याच्या पासष्टीतल्या आजींचे तसे नाही, कारण फक्त त्या शहरात राहणाऱ्यांना ही लस सहसा सुचवली जात नाही. तरीही केनियाहून परतणाऱ्याकडे भारत लसीकरणाचा दाखला मागतो आणि तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास पीतज्वराचाही वाहक असून आपल्या कुंड्यांत, टाक्यांत आणि टाकून दिलेल्या टायरांत तो मुबलक आहे. उणीव आहे ती केवळ विषाणूची. २०१६मध्ये अंगोलातील साथीत बाधित झालेले ११ जण चीनमध्ये परतले, तेव्हा ही भीती कागदी नसल्याचे आशियाला कळले. सुई टोचून घ्यायची आजींनी आणि राखण व्हायची ती साऱ्या गावाची, असा हा व्यवहार आहे. तो अन्यायाचा नसला तरी आजींना समजावून सांगण्याजोगा नक्कीच आहे, आणि ते सहसा कोणी करत नाही.

खर्च नुसत्या पैशांचा नसतो. अनेक मात्रांच्या कुपीतली पूड द्रावकात मिसळली की ती सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी माणसे जमवूनच लस टोचतात. शिवाय दाखला लागू होतो तो दहा दिवसांनी, त्यामुळे तिकीट काढून झाल्यावर लस आठवणाऱ्यांची तारांबळ उडते. मात्र हा दाखला २०१६पासून आयुष्यभर ग्राह्य असल्याने, ज्यांची मुले आफ्रिकेत स्थिरावली आहेत त्यांनी तो साठीच्या आतच मिळवून ठेवणे शहाणपणाचे.