घर हीच शाळा : अमेरिकेच्या खेड्यातील एक कॅथलिक प्रयोग

मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना शाळेत घालणे, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, शिकलीसवरलेली माणसे उघडपणे आणि कायद्याला धरून मुलांना शाळेत पाठवीत नाहीत असे कोणी सांगितले, तर पुष्कळांचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. अमेरिकेत अशा मुलांची मोजदाद लाखांनी करावी लागते. सरकारी पाहणीप्रमाणे १९९९ साली ती सुमारे साडेआठ लाख होती. २०१६ साली सुमारे १७ लाख झाली. त्यांत नाना पंथांची कुटुंबे आहेत, कोणताच धर्म न मानणारीही आहेत. आज त्यांपैकी एकाच तऱ्हेच्या घरात आपण डोकावणार आहोत. ते घर खेड्यात, शेतावर राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाचे.

कॅथलिकांनी शाळेकडे पाठ फिरवावी, हेच मुळी प्रथमदर्शनी नवल आहे. अमेरिकेत शाळा उभारण्याची हौस त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असेल. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा काढावी असे फर्मावले होते. त्यातून जी शाळांची साखळी उभी राहिली, तिच्यात १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास पन्नास लाखांहून अधिक मुले शिकत होती. या डोलाऱ्याचा खरा खांब म्हणजे नाममात्र वेतनावर शिकवणाऱ्या नन्स. १९६५ च्या सुमारास त्यांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात होती. आज ती चाळीस हजारांच्या आत आली आहे. नन्स कमी झाल्या तसे पगारी शिक्षक आले, पगार आले म्हणून फी वाढली आणि फी परवडेना म्हणून शाळा बंद पडू लागल्या. गावची शाळा एकदा बंद झाली की शेतावरच्या मुलाला दुसरी कॅथलिक शाळा तीस-चाळीस मैलांवर. शिवाय, ज्या शाळा उरल्या त्यांतील धर्मशिक्षण पातळ झाले, अशीही काही पालकांची तक्रार होती. तेव्हा घरची शाळा ही काहींच्या बाबतीत निवड होती, तर काहींच्या बाबतीत अडचणीतून काढलेली वाट.

खेड्याचा प्रश्न त्याआधीही होता. ऑरेगन राज्यातील एडविन ओहारा या धर्मगुरूने १९२३ साली कॅथलिकांची ग्रामजीवन परिषद स्थापन केली. विखुरलेल्या शेतांवरील मुलांपर्यंत धर्मशिक्षण पोहोचावे म्हणून त्याने दोन उपायांचा पुरस्कार केला : सुटीतले वर्ग, आणि टपालाने घरी जाणारे धडे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर टपालाने येणारा पाठ ही कल्पना आजच्या पालकांची नव्हे. ती शंभर वर्षांची जुनी आहे.

याच ऑरेगन राज्यात कायद्याचीही लढाई झाली. १९२२ साली तेथे असा कायदा संमत झाला की, आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे. नन्सच्या एका संस्थेने आणि एका खाजगी लष्करी शाळेने त्याविरुद्ध दाद मागितली. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अमलात आणण्यास मनाई केली आणि मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा आईबापांचा हक्क मान्य केला. पुढे १९७२ साली अमिश पंथाच्या पालकांना, आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा त्याच न्यायालयाने दिली. या निकालांनी घरच्या शाळेला थेट परवानगी दिली असे नव्हे. तो अधिकार पालकांना एकेका राज्यात झगडून मिळवावा लागला. १९९३ पर्यंत मात्र पन्नासही राज्यांत तो मिळाला होता. नियम सर्वत्र सारखे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये पालकांना दरवर्षी सूचना द्यावी लागते, अभ्यासाचा आराखडा सादर करावा लागतो, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाअखेर मूल्यमापन. टेक्सासमध्ये यांतले काहीच नाही.

चर्चचे म्हणणे काय? १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले. घरची शाळा चालवणाऱ्यांचा हा मोठा आधार. पण हेही ध्यानात घेतले पाहिजे की, त्याच घोषणापत्रात, शक्य तेथे मुलांना कॅथलिक शाळेत पाठवण्याच्या कर्तव्याची पालकांना आठवण दिली आहे. त्यामुळे काही धर्मग्रामांत धर्मगुरू अशा कुटुंबांचे कौतुक करतात, तर काही ठिकाणी ‘आमची शाळा तुम्हांला का चालत नाही?’ असा प्रश्न उभा राहतो.

आता दिवस कसा जातो ते पाहू. हे वर्णन कोणा एका घराचे नव्हे. थोड्याफार फरकाने अनेक घरांत आढळणारा हा क्रम आहे. सकाळ सुरू होते ती जनावरांपासून. कोंबड्यांना दाणे, शेळीचे दूध काढणे, थंडीत गोठलेले पाणी बदलणे, ही कामे वयाप्रमाणे वाटलेली असतात. न्याहारीपूर्वी किंवा नंतर एक छोटी प्रार्थना, आणि मग त्याच टेबलावरची ताटल्या उचलून वह्यापुस्तके मांडली जातात. डोके ताजे असताना गणित उरकून घ्यावे, हा पुष्कळ घरांतला रिवाज. मग वाचन, व्याकरण, इतिहास, आणि थोरल्यांना बहुधा लॅटिन. धर्मशिक्षणाला कित्येक घरांत अजूनही १८८५ सालची बाल्टिमोरची प्रश्नोत्तरी वापरतात. मुलाने प्रश्न ऐकायचा आणि उत्तर तोंडपाठ म्हणायचे, ही आपल्या जुन्या पंतोजींना पसंत पडावी अशी पद्धत.

पुस्तके कोठून येतात? काही आया स्वतःच अभ्यासक्रम जुळवतात. काहीजणी व्हर्जिनियातील ‘सीटन होम स्टडी स्कूल’सारख्या संस्थेत नाव घालतात, तेथून पाठ आणि चाचण्या येतात, उत्तरपत्रिका तपासून मिळतात. तीस मुलांच्या वर्गात हजेरी, शिस्त आणि वाट पाहणे यांत जाणारा वेळ येथे वाचत असल्याने, लहान वर्गांचा अभ्यास दुपारपूर्वी संपतो. बारा वाजता देवदूताच्या निरोपाची प्रार्थना, मग जेवण. दुपारी बागकाम, पियानो, ओढ्याकाठची भटकंती, मोठ्याने कथावाचन. रात्री जपमाळ. ‘मिस्सा’, ‘जपमाळ’, ‘धर्मग्राम’ हे शब्द आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती मराठीत नित्याचे आहेत. वसईतल्या घरात संध्याकाळी सगळे मिळून जपमाळ म्हणतात, तोच प्रकार हा.

या घरांचे वर्षही शाळेच्या सत्रांप्रमाणे चालत नाही, सणांप्रमाणे चालते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात हिरव्या कड्यावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक याप्रमाणे पेटवीत जातात. ६ डिसेंबरला संत निकोलस मुलांच्या जोड्यांत खाऊ ठेवून जातो. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य. १५ मे हा शेतकऱ्यांचा संत इसिदोर याचा दिवस. त्या सुमारास शेताला आशीर्वाद मागतात. मूल सात वर्षांचे झाले की प्रथम ख्रिस्तशरीर ग्रहण करण्याची तयारी. १९१० साली पोप दहावे पायस यांनी हे वय ठरवून दिले. ज्याच्या घरी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत सणांचे गणित आईच्या हाती असते, त्याला या सगळ्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. ही सारी इमारत एका बाईच्या खांद्यांवर उभी असते. या घरांत मुले पुष्कळ. पाच-सहा असणे नवलाचे नाही. थोरल्याला बीजगणित समजावीत असताना धाकटे रांगत जाऊन शाई सांडते, मधल्याला ताप असतो आणि चुलीवर दूध उतू जाते. संसार एकट्या बापाच्या कमाईवर चालतो. सरकारी शाळांचा कर द्यावाच लागतो, आणि त्या शाळांचा लाभ तर घ्यायचा नाही. आठवड्यातून एकदा धर्मग्रामाच्या दालनात चार कुटुंबे एकत्र येतात, कोणी चित्रकला शिकवते, कोणी विज्ञान. त्या दिवशी मुलांना सोबती मिळतात आणि आयांना श्वास. ज्या घराजवळ अशी सोबत नाही, तेथे ही शाळा थकव्याने मोडते, आणि मुले पुन्हा पिवळ्या बसमध्ये बसून शाळेत जातात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

याहून गंभीर आक्षेप मुलांच्या हक्काचा आहे. आईबापांचा हक्क न्यायालयाने मानला. पण मूल हे आईबापांची मालमत्ता नव्हे. मारहाण किंवा उपासमार सोसणारे मूल शाळेत जात असेल, तर निदान शिक्षकाची नजर त्याच्यावर पडते. ज्या राज्यात घरच्या शाळेची नोंदच होत नाही, तेथे ही नजर कोठून यावी? या मुलांचे परीक्षेतले गुण उत्तम असतात असे समर्थक सांगतात. पण अशा पुष्कळशा चाचण्यांत स्वखुशीने उतरलेल्यांचेच गुण मोजलेले असतात, मागे पडलेल्यांचे मोजलेच जात नाहीत. जर्मनीने दुसरे टोक गाठले आहे. तेथे शाळेत जाणे सक्तीचे असून, धर्माच्या कारणास्तव सवलत मागणाऱ्या पालकांचा दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली स्वीकारला नाही. निरनिराळ्या मतांची मुले एका बाकावर बसली पाहिजेत, हा तेथील मुख्य युक्तिवाद.

मला वाटते, सत्य या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. वर्षातून एकदा कोणी जाणत्या तिऱ्हाइताने मुलाशी बोलावे, त्याच्या वह्या पाहाव्या, एवढ्याने चांगल्या घराचे काही बिघडत नाही आणि वाईट घरातल्या मुलाला मात्र एक दार उघडे राहते.

आपल्या देशात २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. जेथे पोरीबाळींना शाळेचे तोंड दिसावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले, तेथे शाळेचे दार ही मुक्तीची वाट आहे, आणि ती अरुंद करण्याचा विचारही आपल्याला परवडणार नाही. अमेरिकेच्या त्या शेतावरून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आपण मूल शाळेच्या, मग शिकवणीच्या हवाली करतो आणि आपले काम संपले असे समजतो. रोज अर्धा तास पुस्तक वाचून दाखवणे, बाजारहाटात हिशेब करायला लावणे, सणामागचा अर्थ सांगणे, घरातले एक काम त्याच्या नावे करून देणे, यांसाठी शाळा सोडावी लागत नाही. शाळा घरी आणण्याचे धैर्य सर्वांना नसेल, आणि नसावेही. पण मुलाचा पहिला गुरू होण्याची जबाबदारी मात्र शाळेची फी भरून फिटत नाही.