पहिल्या आठवड्याचं कौतुक, सातव्या वर्षाची तक्रार

घरी ऑल-इन-वन कॉम्प्युटर असलेल्या कुणालाही त्याचं मत विचारायचं असेल, तर आधी तो घेऊन किती वर्षं झाली ते विचारावं. नुकताच घेतलेला माणूस भरभरून बोलतो. टेबल मोकळं झालं, वायरींचा गुंता गेला, हॉलमध्ये ठेवला तरी शोभतो, आई-बाबांना चालू करायला एकच बटण. तीन-चार वर्षं वापरलेला जरा थांबून उत्तर देतो, "चांगला आहे, पण आताशा स्लो झालाय." आणि सहा-सात वर्षं झालेल्याकडून बहुतेकदा ऐकायला मिळतं, "स्क्रीन अजून झकास आहे हो, पण आतलं काही बदलताच येत नाही."

ही तिन्ही मतं खरी आहेत. अडचण अशी की खरेदीच्या वेळी आपल्यापर्यंत पहिल्याच गटाची मतं पोहोचतात. वस्तू घरी आल्यावर आठवडाभरात लोक पाचपैकी पाच तारे देऊन मोकळे होतात. सातव्या वर्षी तिथे परत जाऊन कुणी लिहीत नाही. म्हणून जुन्या मालकांचं म्हणणं इथे जरा सविस्तर मांडावंसं वाटतं. दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या ऑफरमध्ये हप्त्यांवर एवढी मोठी वस्तू घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा उपयोग व्हावा.

मूळ गोष्ट एकच आहे. ऑल-इन-वनमध्ये दोन वेगळ्या आयुष्याच्या वस्तू एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात. चांगली स्क्रीन दहा वर्षं सहज चालते. प्रोसेसर आणि रॅम मात्र पाच-सात वर्षांत मागे पडतात, कारण ब्राउझर, विंडोज आणि व्हिडिओ कॉलची भूक दरवर्षी वाढत असते. टीव्हीत सेट-टॉप बॉक्स कायमचा सील करून विकला असता, तर बॉक्स जुना झाल्यावर टीव्हीही टाकावा लागला असता. इथे नेमकं तेच होतं.

ही रचना काही आजची नाही. १९७७च्या कमोडोर पेटमध्ये स्क्रीन, कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच पेटीत होते. १९८४चा पहिला मॅकिंटॉश नऊ इंची स्क्रीनचा, उचलून नेता यावा म्हणून वर खाच ठेवलेला. १९९८मध्ये ॲपलचा निळसर, आरपार दिसणारा आयमॅक आला आणि कॉम्प्युटर दिवाणखान्यात मांडण्याजोगा असू शकतो हे लोकांना पटलं. २००४च्या आयमॅक जी-फाइव्हने सगळा कॉम्प्युटर सपाट स्क्रीनच्या पाठीमागे बसवला. आज दुकानात दिसतो तो आकार तिथून रूढ झाला. त्यापुढची स्पर्धा जाडी कमी करण्याची होती आणि तिची किंमत दुरुस्तीत मोजावी लागली. २०१२च्या आयमॅकची कड ५ मिलिमीटरवर आली, पण काच चिकटवलेली होती आणि लहान मॉडेलची रॅम बदलायची तर आधी ती काच सोडवावी लागे. २०२१चा एम-वन आयमॅक अवघा ११.५ मिलिमीटर जाडीचा आहे. त्याची रॅम थेट प्रोसेसरच्या चिपसोबतच बसवलेली असल्याने घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

विंडोजवाल्या ऑल-इन-वनची, म्हणजे एचपी, लेनोवो, डेल, असूस यांच्या मशिनांची गोष्ट थोडी बरी असते. बहुतेकांत लॅपटॉपचा प्रोसेसर, लॅपटॉपची रॅम आणि लॅपटॉपसारखाच छोटा पंखा असतो. हा दोष मानू नये. त्यामुळे मशिन शांत राहतं आणि वीज कमी लागते. पण दुकानदार "आय-फाइव्ह आहे" एवढंच सांगत असेल तर पुढे विचारायला हवं. मोठ्या कॅबिनेटमधला आय-फाइव्ह आणि इथला आय-फाइव्ह यांच्या ताकदीत मोठा फरक असू शकतो. मॉडेलच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असेल तर तो कमी विजेवर चालणारा लॅपटॉपचा प्रोसेसर आहे. पत्रव्यवहार, हिशेब, ऑनलाइन वर्ग, सिनेमा यांना तो भरपूर होतो. घरात इंजिनिअरिंगला किंवा आर्किटेक्चरला जाणारं मूल असेल, किंवा मुलाला मोठे गेम खेळायचे असतील, तर विषय इथेच संपवावा आणि वेगळं कॅबिनेट घ्यावं. ग्राफिक्स कार्ड नंतर घालायची सोय ऑल-इन-वनमध्ये नसते.

"स्लो झालाय" या तक्रारीमागे बऱ्याचदा एकच कारण निघतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त ऑल-इन-वनमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सर्रास असे. ॲपलसुद्धा २१.५ इंची आयमॅकच्या प्राथमिक मॉडेलमध्ये ऑगस्ट २०२०पर्यंत अशीच डिस्क देत होतं. विंडोज १० सुरू व्हायला वेळ लागणं, क्लिक केल्यावर गोल चक्र फिरत राहणं, हे सगळं त्या डिस्कमुळे. मशिन उघडून एसएसडी बसवली की तोच कॉम्प्युटर पुन्हा चार वर्षं कामाला येतो. जुना ऑल-इन-वन भंगारात काढण्याआधी हा एक खर्च जरूर करून पाहावा. मी अनेकांना हेच सांगत आलो आहे.

त्याहून मोठा तडाखा बसला तो १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे वाढीव अपडेट मिळतात, तेही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. म्हणजे २०१६-१७ साली हौसेने घेतलेले, सहाव्या-सातव्या पिढीचे कितीतरी ऑल-इन-वन अधिकृतपणे बाद झाले. यांतल्या अनेकांची स्क्रीन आजही स्वच्छ, स्पीकर ठणठणीत, कॅमेरा चालू. कॅबिनेटवाल्याने मदरबोर्ड बदलला, मॉनिटर तोच ठेवला. ऑल-इन-वनवाल्याला तसं करता येत नाही. सातव्या वर्षाच्या तक्रारीत जो हळहळीचा सूर असतो तो यासाठी, आणि मला तो अगदी रास्त वाटतो. अशा मशिनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालून ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग हे सगळं नीट चालतं, ही वाट ज्यांना जमेल त्यांनी जरूर धरावी.

स्क्रीन वाचवायची आणखी एक सोय असू शकते आणि ती घेण्याआधीच बघावी लागते. काही ऑल-इन-वनच्या पाठीमागे ‘एचडीएमआय इन’ असं लिहिलेलं छिद्र असतं. उद्या आतला कॉम्प्युटर निकामी झाला तरी त्या छिद्रात लॅपटॉपची वायर जोडून स्क्रीन साध्या मॉनिटरसारखी वापरता येते. नुसतं ‘एचडीएमआय’ किंवा ‘एचडीएमआय आउट’ असेल तर त्यातून चित्र फक्त बाहेर जातं. २००९ ते २०१४ या काळातल्या ठरावीक आयमॅकमध्ये बाहेरचा मॅक जोडून स्क्रीन वापरायची सोय होती. फाइव्ह-के स्क्रीन आल्यावर ती गेली. विंडोजची दोन मॉडेलं इतर बाबतींत सारखी असतील, तर ज्याला ‘इन’ आहे ते थोडे पैसे जास्त देऊनही घ्यावं.

स्क्रीनच्या आकाराबद्दल मराठी वाचकाने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. फुल एचडी स्क्रीनमध्ये ठिपके असतात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख. २४ इंची असो की २७ इंची, फुल एचडी म्हटलं की ठिपके तेवढेच. मोठ्या स्क्रीनवर ते विरळ होतात, आणि बारीक अक्षरांतले अनुस्वार, रफार, ‘द्ध’ आणि ‘द्व’सारखी जोडाक्षरं कडेला फिसकटतात. मराठी वर्तमानपत्र, पोथी, पीडीएफ वाचणाऱ्या ज्येष्ठांना २७ इंची फुल एचडीपेक्षा २४ इंचीवर अक्षर सुबक दिसतं. २७ इंचीच हवी असेल तर २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांची मागावी, तिच्यात ३६.९ लाख ठिपके असतात. आणखी एक त्रास उंचीचा. पुष्कळ ऑल-इन-वनचे स्टँड फक्त मागे-पुढे कलतात, वर-खाली होत नाहीत. दुपदरी चष्मा लावणारा माणूस मान मागे टाकून वाचतो आणि संध्याकाळी मान धरते. दुकानात उभं राहून बघू नका. खुर्ची मागा, बसा, आपलाच चष्मा लावून दहा ओळी वाचा.

विजेचा मुद्दा शहरातल्या लेखांत राहून जातो. लॅपटॉप वापरून मग ऑल-इन-वन घेणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो लाइट गेल्यावर. दिसायला लॅपटॉपचा मोठा भाऊ असला तरी सहसा त्यात बॅटरी नसते. दिवे गेले की लिहिलेलं गेलं. तेव्हा यूपीएसचा खर्च आधीच किमतीत धरावा. जमेची बाजू अशी की बहुतेक ऑल-इन-वन लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात आणि मॉनिटर-कॅबिनेटच्या जोडीपेक्षा कमी वीज घेतात, म्हणून साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर ते जास्त वेळ तग धरतात. ज्या गावांत दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे हा फायदा लहान नाही.

उष्णतेकडेही बघायला हवं. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या पाठीमागे असतात. सुताराकडून करून घेतलेल्या फर्निचरच्या कोनाड्यात मशिन घट्ट बसवलं की पंखा दिवसभर घरघरतो आणि आतलं आयुष्य घटतं. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावं, जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळ्यात मशिन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालू ठेवलं की आतली ओल सुकते.

दुरुस्तीबद्दल जुने मालक सगळ्यात कळकळीने बोलतात. कॅबिनेटचा एसएमपीएस गेला तर गल्लीतला रिपेअरवाला तासाभरात दुसरा लावून देतो. लॅमिंग्टन रोडवर त्याचे सुटे भाग ढिगाने मिळतात. ऑल-इन-वनचा बोर्ड किंवा पॅनल मात्र त्या-त्या मॉडेलचाच लागतो. वॉरंटी संपल्यावर तो मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी नव्या मशिनच्या निम्म्या किमतीचा आकडा ऐकायला मिळाल्याचं अनेक जण सांगतात. शिवाय पाच-सहा किलोचं, पुढून सगळी काच असलेलं धूड रिक्षातून सर्व्हिस सेंटरला न्यायचं. मूळ खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी असा हेतू आहे. मॉडेल ठरवण्याआधी तिथे नजर टाकावी.

मग घ्यावं कुणी? ज्या घरात कॉम्प्युटर एका जागी राहणार, वापरणारे ज्येष्ठ किंवा शाळकरी मुलं, जागा वन बीएचकेची, आणि कुणाला आतलं उघडून बघायची हौस नाही, त्यांनी निःशंक घ्यावं. परदेशातल्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आजी-आजोबांना एवढी मोठी स्क्रीन, कॅमेरा आणि स्पीकर एकत्र देणारी याहून सोपी वस्तू नाही. पण मोकळ्या टेबलासाठीच घेत असाल, तर मिनी पीसी बघितल्याशिवाय निर्णय करू नका. तळहाताएवढी ही डबी मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लागते, वायरी तेवढ्याच कमी होतात आणि सहा वर्षांनी डबी बदलता येते. ॲपलचा ऑक्टोबर २०२४चा मॅक मिनी जेमतेम पाच इंच लांबी-रुंदीचा आहे आणि मूळ मॉडेलमध्येच १६ जीबी रॅम देतो. माझा कौल साध्या घरगुती वापराला आधी मिनी पीसी आणि चांगल्या मॉनिटरला, मग ऑल-इन-वनला.

ऑल-इन-वनच ठरलं असेल तर १६ जीबीपेक्षा कमी रॅम आणि ५१२ जीबीपेक्षा लहान एसएसडी घेऊ नका. आज वाचवलेले थोडे पैसे पाचव्या वर्षी पूर्ण नव्या मशिनच्या रूपाने द्यावे लागतात. रॅमची खाच मोकळी आहे का, वॉरंटीत माणूस घरी येतो का, तुमच्या पिनकोडला येतो का, हे विक्रेत्याकडून पूर्ण मॉडेल नंबरसह लेखी घ्या. त्याला तिथल्या तिथे सांगता आलं नाही, तर पैसे न देता घरी या आणि तेच मॉडेल चार वर्षं वापरलेला कुणी ओळखीत आहे का ते शोधा.